दिलेल्या जमिनीत आधी कोण राहत होतं?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. त्या दिवशी माझ्या फोनवर ज्या श्रद्धांजल्या आल्या, त्यातल्या बऱ्याच जणींत एकच वाक्य कपडे बदलून फिरत होतं. ते धर्मगुरू असले तरी धर्मापलीकडचे होते. ख्रिस्ती असले तरी अस्सल मराठी होते. पाद्री असले तरी पर्यावरणवादी होते. माझं भांडण या ‘तरी’शी आहे.

कारण हेच लोक, किंवा यांचेच भाऊबंद, साडेचार वर्षांपूर्वी वेगळं बोलत होते. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याच्या अध्यक्षपदी फादरांची निवड झाली तेव्हा एका धर्मप्रसारकाला हा मान कसा, म्हणून ओरड झाली. धमकीचे फोन गेल्याच्या बातम्या आल्या. फादर आजारी होते, तरी आले, बोलले आणि गेले. तेव्हा विरोध करणाऱ्यांना त्यांच्या हातातलं बायबल खुपत होतं. नंतर श्रद्धांजली वाहणाऱ्यांनाही तेच खुपत होतं, म्हणून त्यांनी ते हळूच बाजूला काढून ठेवलं आणि मग हार घातला. मला विरोधक जास्त प्रामाणिक वाटतात. त्यांना निदान हा माणूस काय वाचतो हे माहीत होतं.

मी ख्रिस्ती नाही. घरात देव्हारा आहे, आई त्याची पूजा करते, मी करत नाही. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि घर आलापल्लीला आहे. पुण्यातल्या निम्म्या लोकांना हे गाव तेलंगणात वाटतं, उरलेल्यांना ते फक्त हेमलकशाच्या वाटेवरचं चहाचं ठिकाण म्हणून माहीत असतं. एका पुस्तक प्रदर्शनात फादरांचं ‘सुबोध बायबल’ घेतलं. जाडजूड पुस्तक, राजहंसने काढलेलं. वाचायला घेतलं ते भाषेसाठी. पण अडकलो जमिनीत.

बायबल हे पहिल्या पानापासून जमिनीबद्दलचं पुस्तक आहे. कुणाची, कुणी दिली, कुणाकडून काढून घेतली, कोण हद्दपार झालं, कोण परत आलं, सातबाऱ्यावर कुणाचं नाव. ज्याने वसईत राहून हे सगळं पुस्तक मराठीत आणण्यात उमेदीची वर्षं घातली, तो माणूस त्याच वसईत बिल्डर आणि टँकरवाल्यांच्या विरोधात उभा राहिला, यात ‘असले तरी’ कुठून येतं? ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. केळीच्या बागा, पानवेली, गोड्या पाण्याच्या विहिरी आणि त्यावर डोळा ठेवून बसलेली मुंबई. फादर तिथे धर्म बाजूला ठेवून गेले नव्हते. पुस्तक काखेत घेऊनच गेले होते. ज्यांनी ते पुस्तक उघडलंच नाही त्यांना हे दोन वेगळे फादर दिसतात, एक प्रवचन देणारे आणि एक मोर्चा काढणारे.

फादरांनी ख्रिस्ताच्या भूमीत प्रवास केला आणि त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं नाव ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’. नाव पुन्हा वाचा. पवित्र भूमीचं दर्शन नाही, प्रभूच्या पाऊलखुणा नाहीत. संघर्ष, आणि तोही इस्रायल आणि पॅलेस्टाइनचा. एका कॅथलिक धर्मगुरूला तिथे जाऊन फक्त गुडघे टेकून परत येता आलं असतं. वाचकांनी कौतुकच केलं असतं. त्याऐवजी त्याने इथे राहतं कोण आणि भांडतंय कोण हा प्रश्न पुस्तकाच्या दारावरच टांगला.

मराठी प्रवासवर्णन नावाच्या प्रकाराकडे बघा आणि हे किती दुर्मीळ आहे ते कळेल. आपल्याकडे प्रवासवर्णन म्हणजे विमानतळावर हरवलेली बॅग, थंडीत खाल्लेला थेपला, आल्प्स बघून आठवलेला सह्याद्री आणि ‘इथली स्वच्छता बघून मन भरून आलं’. पूर्वी हे दिवाळी अंकात यायचं, आता रीलमध्ये येतं. होली लँड टूरची पत्रकंही तशीच असतात. आठ-दहा दिवसांत बेथलेहेम, नाझरेथ, गालीलचा समुद्र, मृत समुद्रात तरंगतानाचा फोटो. बेथलेहेममध्ये जाताना जी भिंत आडवी येते तिचा पत्रकात उल्लेख नसतो. तिथल्या ख्रिस्ती लोकांची यावर जुनी तक्रार आहे. नव्या करारात पेत्राच्या पहिल्या पत्रात श्रद्धावंतांना जिवंत दगड म्हटलंय. ते शब्द उचलून पॅलेस्टिनी ख्रिस्ती यात्रेकरूंना सांगतात की तुम्ही मेलेले दगड बघून जाता, जिवंत दगडांना न भेटता. आम्ही दोन हजार वर्षं इथेच आहोत आणि तुम्ही आमच्या दारावरून बसने जाता.

पोप फ्रान्सिस शेवटच्या दीड वर्षात जवळपास रोज संध्याकाळी गाझामधल्या एकुलत्या एका कॅथलिक चर्चमध्ये फोन करायचे. आज जेवलात का, काय जेवलात, असं विचारायचे. होली लँडबद्दलचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं धर्मशास्त्र तेच आहे.

प्रवास, धर्मग्रंथ आणि कुटुंब या तिन्ही गोष्टी एकत्र बघायच्या तर कॅथलिक पाद्री अपुरा पडतो, त्याला बायकामुलं नसतात. त्यासाठी आपल्याकडे पंडिता रमाबाई आहेत. त्या कॅथलिक नव्हत्या. खरं तर कुठल्याच चर्चच्या फारशा नव्हत्या, आणि मजा तिथेच आहे. १८८३ मध्ये जेमतेम दोन वर्षांच्या मनोरमाला कडेवर घेऊन ही विधवा बाई बोटीने इंग्लंडला गेली. तिकिटाच्या पैशांना ‘स्त्री धर्मनीती’ हे स्वतःचं पुस्तक कामी आलं. त्याच सप्टेंबरात वाँटेजच्या मठात मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला. पण वाँटेजमध्ये जे झालं ते आपण शाळेत शिकत नाही. बाई शाकाहारी होत्या, शाकाहारीच राहिल्या, लेकीच्या ताटाबाबतही तेच. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तर यांनी विचारलं, लॅटिनच का? मला ती भाषा येत नाही, माझ्या देशातल्या बायकांना येत नाही, त्यावर संस्कृत का नको? त्यांनी चेल्टनहॅमच्या कॉलेजात मुलग्यांना शिकवू नये म्हणून हिंदुस्थानातल्या बिशपांनी तिकडे पत्रं लिहिली, त्यावरही त्या भडकल्या. त्रैक्याच्या सिद्धांतावरून मठातल्या बायकांशी त्यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला, आणि त्यात शरणागती कुठे नाही.

आपण त्यांना ‘धर्मांतरित’ असा एक शिक्का मारून फाइल बंद केली. तिकडे चर्चवाल्यांनी ‘हट्टी’ असा शिक्का मारला. शास्त्र स्वतः वाचणाऱ्या बाईला ठेवायला दोन्हीकडे खण नव्हता.

तिथून त्या १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. परत आल्यावर १८८९ मध्ये पुस्तक आलं, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. इथेही नाव बघा. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. ज्या देशाने या बाईला डोक्यावर घेतलं, पैसे दिले, शाळा काढायला मदत केली, त्याच देशाने तिथल्या मूळ रहिवाशांचं आणि काळ्या माणसांचं काय केलं, हेही त्यांनी लिहिलं. यजमानाचं जेवून यजमानाची जमीन कुणाची होती हे विचारायला हिंमत लागते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला वाचता यावं अशा मराठीत. ते तिथल्याच छापखान्यात छापून पूर्ण झालं १९२४ मध्ये. मनोरमा १९२१ मध्ये गेली होती, आई १९२२ मध्ये.

आता माझ्या गावाकडे येतो, कारण मला जे भांडायचं आहे ते तिथूनच दिसतं.

बायबलमध्ये इजिप्तमधल्या गुलामांची सुटका होते. समुद्र दुभंगतो, चाळीस वर्षं वाळवंटात भटकंती होते आणि शेवटी देवाने कबूल केलेली जमीन दिसते. या गोष्टीने जगभरच्या पिचलेल्या माणसांना बळ दिलंय. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी ती गायली, लॅटिन अमेरिकेतल्या पाद्र्यांनी तिच्यावर मुक्तीचं धर्मशास्त्र उभारलं. पण त्या जमिनीत लोक राहत होते. कनानी, हित्ती, यबूसी. देव दुधामधाची जमीन म्हणतो तेव्हा ते दूध कुणाच्या तरी गाईचं असतं. यहोशवाच्या पुस्तकात यरीहोचा कोट पडतो आणि आतल्या बाया, पोरं, म्हातारे, बैल, मेंढरं सगळी तलवारीखाली जातात. रविवारच्या शाळेत कोट पडेपर्यंतच शिकवतात.

हे मला एकट्याला दिसलेलं नाही. रॉबर्ट वॉरियर नावाचे अमेरिकेतल्या ओसेज जमातीचे अभ्यासक आहेत. त्यांनी १९८९ मध्ये एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं सरळ आहे. आम्ही मूळचे अमेरिकन ही गोष्ट वाचतो तेव्हा आम्ही इस्राएली नसतो, कनानी असतो. आमच्या जमिनीवर आलेले लोक स्वतःला इस्राएली समजून आले होते. त्याच वर्षी नईम अतीक या पॅलेस्टिनी अँग्लिकन पाद्र्याचं पुस्तक आलं. १९४८ मध्ये अकरा वर्षांचे असताना त्यांच्या कुटुंबाला बेसान गाव सोडावं लागलं होतं. त्यानंतर त्यांच्या लोकांना जुना करार चर्चमध्ये मोठ्याने वाचणंच अवघड झालं, कारण त्यातल्या शब्दांनीच त्यांची घरं गेली होती.

पुरातत्त्ववाले म्हणतील की हे सगळं घडलंच नाही. कॅथलीन केनियन या बाईंनी १९५२ ते १९५८ यरीहो उकरलं. तिथला नाश यहोशवाच्या मानल्या गेलेल्या काळाच्या कितीतरी आधीचा निघाला. ठीक आहे. पण न घडलेल्या हल्ल्याची गोष्ट सांगून पुढे खरे हल्ले झाले. १४५५ मध्ये पोप पाचव्या निकोलसने पोर्तुगालच्या राजाला दूरच्या जमिनी घेण्याचा परवाना दिला. १४९३ मध्ये सहाव्या अलेक्झांडरने स्पेनला दिला. त्या परवान्याच्या जोरावर निघालेली जहाजं फिरत फिरत १५३४ मध्ये वसईला लागली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पा येईपर्यंत तिथेच राहिली. व्हॅटिकनने ही शोधाची शिकवण अधिकृतपणे नाकारली मार्च २०२३ मध्ये. साडेपाचशे वर्षं लागली. आमच्या ऑफिसात एवढा जुना बग कुणाच्या नावावर असता तर त्याला कधीच घरी पाठवलं असतं.

म्हणून फादरांचं महत्त्व मला वेगळं वाटतं. ज्या किनाऱ्यावर हा परवाना घेऊन चर्च आलं, त्याच किनाऱ्यावरच्या चर्चमधला एक माणूस चारशे-साडेचारशे वर्षांनी म्हणतो की ही जमीन विकायची नाही.

आता आलापल्ली. अहेरी, एटापल्ली, भामरागड आणि सिरोंच्याचे रस्ते जिथे फुटतात ते हे गाव. सागवानासाठी प्रसिद्ध. माझे आजोबा लाकडाच्या कामासाठी ब्रह्मपुरीकडून इथे आले. म्हणजे आम्ही नंतर आलेले. आमच्या घराभोवतीच्या टेकड्यांना, नाल्यांना आणि जुन्या झाडांना जी नावं आहेत ती माडिया आणि गोंडी आहेत. शाळेत माझ्याशेजारी बसणाऱ्या मुलाला मराठी तिसरी भाषा म्हणून शिकावी लागली आणि मला त्याची पहिली भाषा कधीच शिकावी लागली नाही. हा आमचा करार. कुणी सही केली नाही, पण सगळे पाळतात.

आणखी गुंता हवा असेल तर मुलचेरा, चामोर्शीकडे चला. तिथे बंगाली गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून सर्वस्व गमावून आलेली माणसं सरकारने इथे आणून वसवली, जमीन दिली. त्यांनी जंगलात धानाची शेती उभी केली, मासे आणले, दुर्गापूजा आणली. ते इजिप्तमधून सुटलेलेच लोक होते, मागे मृत्यू होता. आणि दिलेली जमीन रिकामी नव्हती. या दोन वाक्यांच्या मध्ये मला ‘पण’ घालता येत नाही. इस्रायलबद्दलही माझी अडचण तीच आहे. युरोपने साठ लाख ज्यू मारले, जे वाचले त्यांना कुठेतरी जायचं होतं, आणि ते जिथे गेले तिथे बेसान नावाचं एक गाव होतं. ज्यांना यातला एकच भाग ऐकू येतो ते दोन्हीकडचे लोक सध्या माझ्या टाइमलाइनवर जोरात आहेत. यातल्या कुणीही यहोशवा वाचलेला नाही आणि निर्गमही वाचलेला नाही, एवढं मी पैजेवर सांगतो.

तेव्हा माझं म्हणणं असं की हे पुस्तक आलापल्लीत बसून वाचायला हवं. गावातल्या एखाद्या माणसाने हे ऐकलं तर तो लगेच विचारेल, मिशनऱ्यांचा नवा माणूस का? आमच्या भागातल्या चांदा धर्मप्रांताचं केंद्र बल्लारपूरला आहे, तो केरळच्या सीरो-मलबार चर्चचा आहे. त्याची शाळा, दवाखाना ठीक, पण पुस्तक नको, असा साधारण सूर असतो. मला यातलं उलटं वाटतं. शाळा-दवाखान्यावर चर्चा हवी तेवढी करा, पण पुस्तक घ्या. ते कुणाच्या बापाचं नाही. ते मूळचं आशियातल्या मेंढपाळांचं आणि शेतकऱ्यांचं, रोमच्या टाचेखालच्या माणसांचं. धर्म न बदलता ग्रंथ वाचता येतो. रामायण वाचायला कोण मुंज करून घेतं?

तर प्रवास. दर डिसेंबरात माझे पुण्यातले सहकारी हेमलकशाला निघतात. प्रकाश आमटेंचं काम १९७३ पासूनचं आहे, त्याला माझा नमस्कार आहे, आणि त्या लोकांनी कुणाला ‘आमची पूजा करा’ असं सांगितलेलं नाही. पण येणारे यात्रेलाच येतात. वाटेत आलापल्लीजवळ वनवैभव बघतात, उंच सागाला मिठी मारून फोटो काढतात, पुढे जाऊन प्राणी बघतात, मग रडू येतं, मग पोस्ट येते: आयुष्य बदललं. परत गेल्यावर मी विचारतो, भेटलं कोण? सांगायला एकही नाव नसतं. एक माडिया आजीचा फोटो असतो, सुरकुत्या, गोंदण, काळा-पांढरा फिल्टर. तिचं नाव काय, तर तेही नाही. गेल्या खेपेला आमच्या चौकातल्या टपरीवर एकजण गाड्यांच्या रांगेकडे बघून म्हणाला, ‘हे लोकं पाह्याले येतेत जी, भेट्याले नाही.’ बेथलेहेमच्या माणसाने हेच सांगितलं असतं, फक्त अरबीत.

यावर उत्तर येतं की सहल तर सहल, त्यात एवढं काय. पण तुम्ही ‘दर्शन’ म्हणता, ‘ऊर्जा घेऊन आलो’ म्हणता. पवित्र जागेची भाषा वापरायची तर पवित्र जागेचा प्रश्नही अंगावर घ्यायला हवा.

सागाचा विषय निघाला आहे तर तोही संपवतो. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान बल्लारपूरच्या डेपोतून मिरवणुकीने निघालं. फुलं, ढोल, नेते. आमच्याकडच्या ग्रुपवर अभिमानाचा पूर आला आणि मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपल्या गावाकडचं लाकूड. त्याच सुमारास मी राजांच्या पहिल्या पुस्तकात शलमोनाच्या मंदिरापाशी होतो. त्यालाही लाकूड हवं होतं. लबानोनचे देवदार. सोरचा राजा हीराम देतो, बदल्यात त्याला गहू आणि तेल मिळतं. दोन राजांचा व्यवहार आहे, सगळा नोंदलेला. आणि मग तो ग्रंथ एक गोष्ट लिहितो जी कुठल्याही मिरवणुकीत सांगत नाहीत. शलमोनाने तीस हजार माणसं बेगारीवर लावली. दर महिन्याला दहा हजार लबानोनात, पाळीपाळीने, एक महिना जंगलात आणि दोन महिने घरी. ओझी वाहणारे सत्तर हजार, डोंगरात दगड फोडणारे ऐंशी हजार. ग्रंथ इथे थांबत नाही. शलमोन मेल्यावर लोक त्याच्या मुलाकडे जातात, म्हणतात, बापाने आमच्या मानेवर ठेवलेलं जू जरा हलकं कर. तो ऐकत नाही. राज्य फुटतं, बेगारीवरच्या अधिकाऱ्याला लोक दगडांनी मारतात.

आलापल्लीत ‘बेगार’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. म्हातारी माणसं जंगलखात्याच्या साहेबांच्या गोष्टी अजून सांगतात. ज्या शास्त्राला मंदिर उभारल्याचा एवढा अभिमान आहे ते शास्त्रच लाकूड तोडणाऱ्यांचा हिशेब लिहून ठेवतं, आणि पुढच्या फुटीचं कारण म्हणून तो पुन्हा काढतं. आमच्या दारांच्या कौतुकात कूप तोडणाऱ्या एकाही मजुराचा हिशेब कुठे आला नाही. मंदिराला विरोध म्हणून हे लिहीत नाही. शलमोनाच्या मंदिराला विरोध असलेल्या माणसाने ते पुस्तक लिहिलेलं नव्हतं, ते त्याच्या भक्तांनीच लिहिलं होतं, एवढंच दाखवतोय.

शेवटी एलियाबद्दल लिहायचं आहे, आणि त्याला तर मराठी पत्ताच आहे. कोकणातले बेने इस्रायली, ज्यांना गावात शनिवार तेली म्हणत, ते मानतात की संदेष्टा एलियाहू त्यांच्या भागात येऊन गेला. अलिबागजवळ खंडाळा गावातल्या खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. त्याच्या नावाने मलिदा करतात, पोहे, नारळ, फळं. १९४८ नंतर यातले बहुसंख्य इस्रायलला गेले. तिथे गेल्यावर धर्मपीठाने यांच्या ज्यूपणावरच शंका काढली, लग्नं अडली, १९६४ पर्यंत त्यांना भांडावं लागलं. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथे काढलं. वचनदत्त भूमीत पोचलेला मराठी माणूस तिथेही पहिली कितीतरी वर्षं ‘तू इथला आहेस का’ याचंच उत्तर देत होता. आणि मलिद्याच्या ताटात त्याला कोकणातला खडक आठवत होता. पवित्र भूमी फक्त तिकडेच असते असं म्हणणाऱ्यांनी या खडकाचा विचार करावा.

हा एलिया कशासाठी प्रसिद्ध आहे? पाऊस थांबवण्यासाठी, अग्नीच्या रथासाठी. मला तो एका सातबाऱ्यासाठी महत्त्वाचा वाटतो. इज्रेलमध्ये नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता, अहाब राजाच्या वाड्याला लागून. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. राजा तसा बरा बोलतो. याहून चांगला मळा देतो म्हणतो, नको असेल तर रोख किंमत देतो म्हणतो. आजच्या भाषेत योग्य मोबदला आणि पुनर्वसन पॅकेज. नाबोथ म्हणतो की ही वाडवडिलांची आहे, देवासमोर मला ती देता येणार नाही. तो भाव वाढवत नाही, हे लक्षात घ्या. राजा घरी जाऊन तोंड फिरवून झोपतो, जेवत नाही. मग राणी ईजबेल कामाला लागते.

तिने सैन्य पाठवलं नाही. तिने पत्रं लिहिली. राजाच्या नावाने, राजाच्या शिक्क्याने, गावच्या वडीलधाऱ्यांना. उपवासाचा दिवस जाहीर करा, सभा भरवा, नाबोथाला पुढे बसवा, समोर दोन साक्षीदार बसवा, त्याने देवाची आणि राजाची निंदा केली असं त्यांना सांगू द्या. सभा भरली. साक्षी झाल्या. नियमाप्रमाणे दोन. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारलं आणि निरोप गेला की काम झालं. कागदपत्रं सगळी पूर्ण. मी दिवसभर ज्या जगात काम करतो तिथे याला क्लीन प्रोसेस म्हणतात.

नईम अतीक आपल्या पुस्तकात बोट ठेवतात ते याच गोष्टीवर. आणि मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा आमच्या घरासमोरून सुरजागडचं लोहखनिज घेऊन ट्रक जात होते. अंगणातल्या तुळशीवर लाल थर, आई रोज पाण्याने धुते. सुरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते, दर जानेवारीत. आजूबाजूच्या गावांसाठी तो पहाड हेच देऊळ आहे, त्याला दारं नाहीत म्हणून सागवान लागत नाही. १९९६ चा पेसा कायदा आहे, २००६ चा वनहक्क कायदा आहे. ग्रामसभेला विचारल्याशिवाय काही करायचं नाही असं त्यात लिहिलंय. याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला, म्हणजे कायदा कागदावरच राहतो असंही नाही. ट्रकमुळे गावातल्या पोरांना काम मिळालं हेही खरं. माझ्या वर्गातले दोघे तिथे आहेत, त्यांच्या पगारावर घरं चालतात, आणि पुण्यात एसीत बसून मी त्यांना खाण सोडा म्हणावं एवढा निर्लज्ज मी नाही. राजानेही नाबोथाला चांगला मळा देऊ केला होता. तो मळा बहुधा खरंच चांगला असणार.

पण कुणी विचारलं की तो पहाड हलवायला नेमकी कुणी हो म्हटलं, तर मला त्या सभेची आठवण होते. कुणी भरवली? पुढे कुणाला बसवलं होतं? शिक्का कुणाचा होता? एलिया मळ्यात शिरून अहाबला पहिला प्रश्न विचारतो तो असा की तू खून करून वर ताबाही घेतलास का. ताब्याचा प्रश्न तो वेगळा विचारतो. धर्मापलीकडचे वगैरे असलेल्या फादरांनी मराठीत आणलेल्या बायबलात हे सगळं आहे, राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय. पाच मिनिटांत वाचून होतो. पुढच्या डिसेंबरात आलापल्लीवरून जाणार असाल तर चौकात चहाला थांबाल तेव्हा फोनवर काढा आणि रस्त्याकडे तोंड करून बसा. समोरून ट्रक जात असतील.